बालीची सहल, किनाऱ्यावरचा कचरा आणि भटकी कुत्री: घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: सगळ्यांना एक विचारायचंय. जानेवारीत बालीला जायचं आमचं जवळजवळ ठरलंय. पण मैत्रिणीने तिकडचे फोटो पाठवलेत, ते बघून जावंसंच वाटेना. किनाऱ्यावर घोटाभर कचरा! वर गल्लीत कुत्री मागे लागली तिच्या. आमची चिमणी तर जनावर दिसलं की हात लावायला धावते. कॅन्सल करू का?

दादा: कॅन्सल कशाला? हॉटेलवाले म्हणतात समोरचा किनारा रोज सकाळी साफ करतात.

आत्या: अरे, समुद्र काय हॉटेलपुरता असतो का? दुपारी परत येईलच की.

मी: आत्या, अगदी बरोबर बोललीस. वहिनी, फोटो कुटा किंवा लेगियनचे, म्हणजे बालीच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आहेत का? मी गेले तेव्हाही जानेवारीच होता. भरती ओसरली की वाळूवर एक काळपट पट्टा उरायचा, दिसेल तिथपर्यंत. जवळ जाऊन बघितलं तर बांबूचे तुकडे, करवंट्या, शांपूच्या रिकाम्या पुड्या, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं, एकेकट्या चपला. सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं की हाताने वेगळं करणं अशक्य. माणसं दाताळ्यांनी ढीग करत होती, मागून यंत्र ते उचलत होतं. पुढच्या भरतीला पुन्हा तसाच पट्टा.

वहिनी: हो, कुटाच आहे. म्हणजे कायम असंच असतं?

मी: नाही, आणि हेच कुणी आधी सांगत नाही. साधारण डिसेंबर ते मार्च तिकडे पावसाळा. वर्षभर ओढ्यानाल्यांत साठलेलं पाऊस एका झटक्यात समुद्रात ढकलतो. त्याच महिन्यांत वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे ते सगळं पश्चिम किनाऱ्याला येऊन लागतं. २०१७ मध्ये तर जिंबारान ते सेमिन्याक या पट्ट्यातल्या सहा किलोमीटर किनाऱ्यासाठी कचऱ्याची आणीबाणी जाहीर करावी लागली होती. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, तेव्हा तोच किनारा ओळखू येत नाही. आणि जानेवारीतच जायचं असेल तर पूर्वेकडचं सनूर बघ, तिथे त्या दिवसांत बरीच बरी परिस्थिती असते.

काका: आणि तिथलं सरकार काय करतंय? आपण एवढे पैसे खर्चून जायचं आणि लोकांचा कचरा बघायचा?

मी: काका, प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोल यांवर बंदीचा आदेश २०१८ च्या अखेरीस निघाला आणि २०१९ पासून तो लागू झाला. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून माणशी दीड लाख रुपिया (तिथलं चलन, आपले रुपये नव्हेत) घेतात, संस्कृती आणि पर्यावरण जपायच्या नावाने. पण पुड्या आणि बाटल्या सुरूच आहेत. आणि "लोकांचा कचरा" म्हणणं मला पटत नाही. बाटली आपण घेतो, स्ट्रॉ आपण घेतो, खोलीतली छोटी शांपूची बाटली अर्धी वापरून आपणच टाकतो.

भाचा: मामी, मालदीवला जा ना! तिथे कुत्रीच नाहीत, पाळायलाच बंदी आहे. पाणी पण एकदम स्वच्छ.

मी: कुत्र्यांचं खरंय. पण थिलाफुशीचे फोटो बघ रे. राजधानी मालेच्या पश्चिमेला आहे. उथळ खाजण होतं ते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कचरा टाकून टाकून त्याचं बेट झालं. अनेक वर्षं तिथे उघड्यावर जळण चालायचं, मालेतून धूर दिसायचा. रिसॉर्टची पांढरी वाळू स्वच्छ दिसते, कारण तिथला कचरा बोटीत भरून दुसऱ्या बेटावर नेतात.

बेटांची मुख्य अडचण हीच आहे. मोठ्या जमिनीवर गावाबाहेर खड्डा तरी मिळतो. बेटावर गावाबाहेर म्हणजे समुद्रच. पुरायला जागा नाही, पुरलं तर विहिरींच्या गोड्या पाण्यात उतरतं, जाळलं तर धूर आपल्याच घरात आणि बोटीने बाहेर न्यायचं तर खर्च न परवडणारा. त्यात जे आपलं नाही तेही लाटांबरोबर येतं. पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर माणूस राहत नाही, तरी २०१७ च्या अभ्यासात तिथे प्लास्टिकचे अंदाजे ३ कोटी ८० लाख तुकडे निघाले. म्हणून दादा, हॉटेलला "किनारा साफ असतो का" हे विचारून काही कळत नाही. "तुमचा कचरा कुठे जातो" हे विचार. ज्यांना नीट उत्तर देता येतं, त्यांच्याकडे राहा.

दादा: हा प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता. विचारतो.

आत्या: ते कचऱ्याचं ठीक आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते बाई. लेकरू लहान आहे. ताई, तू बोल ना, तुझा विषय आहे.

ताई: आत्ता दवाखान्यातून मोकळी झाले. वहिनी, घाबरू नकोस, पण हलक्यात पण घेऊ नकोस. बाली २००८ पर्यंत रेबीजमुक्त होतं. त्या वर्षी रोग शिरला आणि तेव्हापासून तिथे माणसं दगावलीत. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे जे काही करायचं ते आधी आणि ताबडतोब.

चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर आधी नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. मग लगेच दवाखाना आणि लस. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (लस लागू पडेपर्यंत विषाणू अडवणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, आणि लहान बेटांवर नेमकं तेच मिळत नाही. जाण्याआधी प्रतिबंधक लस घेतलेली असेल तर नंतर फक्त लसीचे दोन डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. चिमणीच्या डॉक्टरांशी हे नक्की बोल.

अजून एक. मुलं ओरखडा लपवतात, रागावतील म्हणून. रोज रात्री आंघोळ घालताना हातपाय बघ आणि सहज विचार, "आज कोणाला हात लावलास?" रागावून नको विचारू.

वहिनी: हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. माकडं पण असतात ना तिथे?

ताई: उलुवाटू आणि उबुदला भरपूर. चष्मा, मोबाइल पळवतात आणि खायला दिलं की परत करतात. माणसांनीच लावलेली सवय. ओढाओढी अजिबात करू नका, ओरखडा तिथेच बसतो. चष्मा गेला तर गेला.

आत्या: मग ही कुत्री उचलून नेत का नाहीत? पर्यटनावर पोट आहे ना त्यांचं?

ताई: आत्या, बालीने तेही करून पाहिलं. रोग आल्यावर हजारो कुत्री विष देऊन मारली. रोग थांबला नाही, पसरतच गेला. मारलेल्यांत लस टोचलेली कुत्रीही होती, म्हणजे जी रोग अडवणार होती तीच गेली, आणि मोकळ्या जागेत नवी, लस नसलेली आली. २०१० मध्ये बेटभर लसीकरण सुरू केलं तेव्हा आकडे खाली आले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. पुढे कुठे ढिलाई झाली की परत डोकं वर काढते, म्हणून दरवर्षी करावं लागतं.

आणि मघाच्या बोलण्याशी हे थेट जोडलेलं आहे. बेटावर एवढी कुत्री जगतात कशावर? उघड्या उकिरड्यावर आणि हॉटेलांच्या मागच्या उष्ट्यावर. अन्न उघड्यावर असेल तेवढी पिल्लं जगणार. कचऱ्याचे डबे झाकणाचे केले आणि नसबंदी चालू ठेवली की संख्या आपोआप उतरते. मला राग येतो तो याचाच, की कुत्र्यांची तक्रार सगळे करतात, उष्टं कुठे टाकलं जातं ते कोणी बघत नाही.

दादा: मग ग्रीस कसं? तिकडे तर मांजरं, कुत्र्यांइतकी भीती नाही.

ताई: ग्रीसच्या बेटांवर मांजरांचे फोटो गोड असतात. पण उन्हाळ्यात पर्यटकांच्या ताटातलं खाऊन ती वाढतात आणि हिवाळ्यात खाणावळी बंद झाल्या की उपाशी मरतात. तिथे २०२१ च्या कायद्याने भटक्या जनावरांची नसबंदी आणि लस ही नगरपालिकांची जबाबदारी केलीय, पण बरंचसं काम गावातले स्वयंसेवकच ओढतात. गेलात तर ताटातलं देण्यापेक्षा त्यांच्या पेटीत पैसे टाका. एका मांजरीची नसबंदी म्हणजे पुढच्या कितीतरी पिल्लांचे हाल वाचले.

मी: आणि तिकडच्या वाळूवर तपकिरी फितींसारखे ढीग दिसले तर "घाण" म्हणून तक्रार करू नका हं. ते पोसिडोनिया, समुद्री गवत. ते वाळू धरून ठेवतं, काढून टाकलं तर किनारा झिजतो.

काका: म्हणजे जायचं तरी की नाही? थायलंडचा तो प्रसिद्ध किनारा बंदच केला होता म्हणे.

मी: माया बे. जून २०१८ मध्ये बंद केला, जानेवारी २०२२ मध्ये उघडला, आता माणसं मोजून सोडतात. फिलिपिन्सचं बोराकायही २०१८ मध्ये सहा महिने बंद होतं, सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं म्हणून. काका, जायचं. लोकांची घरं चालतात त्यावर. फक्त हंगाम बघून आणि भरायच्या बाटल्या सोबत घेऊन.

वहिनी: ठरलं. जानेवारी नको, शाळेच्या सुट्टीत मे महिन्यात जाऊ. ताई, लस किती आधी घ्यावी लागेल?

ताई: डॉक्टर सांगतील, पण महिनाभर हाताशी ठेव. डोस अंतराने असतात.

दादा: हॉटेलला मेल टाकला. तीन प्रश्न विचारलेत: कचरा कोण उचलतं आणि कुठे नेतं, खोलीत पिण्याचं पाणी भरून घ्यायची सोय आहे का, आणि रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन मिळेल असा सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता. उत्तर आलं की इथेच टाकतो.

आत्या: आणि उत्तर नाही आलं तर दुसरं हॉटेल बघ बाबा.