क्लब कार गोल्फ कार्टला मोठं इंजिन बसवायचंय

टेक्सासकर: मंडळी, माझ्याकडे जुनी पेट्रोलवाली क्लब कार डीएस आहे, कावासाकीचं एफई२९० इंजिन, साधारण ९ एचपी. चार माणसं बसली की चढावर जीव जातो तिचा. होंडा जीएक्स३९० टाकू की सरळ व्हॅनगार्डचं १६ एचपी व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन? कोणी केलंय का?

गॅरेजवाला: व्ही-ट्विन घे, ४७९ सीसी आहे, टॉर्क (ओढायची ताकद) मिळतो आणि व्हायब्रेशनही कमी. पण आधी शाफ्ट बघ रे, तुझा ड्राइव्ह क्लच (इंजिनावरचा, बेल्ट फिरवणारा) टेपरवाल्या, म्हणजे टोकाला निमुळत्या, क्रँकशाफ्टवर बसतो आणि बाजारातली बरीच इंजिनं १ इंची सरळ शाफ्टची असतात, मग क्लच बदला, माउंटिंग प्लेट बनवून घ्या, आणि इंजिनावरचा आणि मागच्या अ‍ॅक्सलकडचा अशा दोन्ही क्लचची लाइन जरा चुकली की बेल्ट खाल्लाच म्हणून समज.

अनघा_के: स्टार्टिंगचंही बघा. आत्ता पेडल दाबलं की स्टार्टर-जनरेटर इंजिन फिरवतो, पाय काढला की बंद. किल्लीवर चालणारं नवीन इंजिन आयडलला (गाडी उभी असतानाही मंद गतीने) चालूच राहणार, आयडल जास्त ठेवलंत तर क्लच धरतो आणि गाडी आपोआप सरकते.

टेक्सासकर: अरे हे लक्षातच नव्हतं आलं. आणि गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारा भाग) काढला तर?

गॅरेजवाला: अजिबात नको! डीएसला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही ड्रमचे. शिवाय ही इंजिनं ३६०० आरपीएमच्या आसपास चालवायला बनवलीत, फार वर नेलं तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडू शकतं. ताकद चढासाठी वापर. आणि बेल्ट कधी बदललायस? झिजलेल्या बेल्टनेही गाडी चढावर अशीच बसते, आधी तो बघून इथे सांग.