मदत हवी आहे: टेस्लाचे शेअर ज्या कारणासाठी घेतले ते कारण संपलं, भाव मात्र चढाच. आता नेमकं काय बघू?

नमस्कार मंडळी,

टेस्लाचे शेअर माझ्याकडे बरीच वर्षं आहेत. २०२१च्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं होतं की येती काही वर्षं डिलिव्हरी (ग्राहकांच्या हाती दिलेल्या गाड्या) दरसाल सरासरी ५० टक्क्यांनी वाढवू. मी त्याच भरवशावर घेतले, आणि आकडेही तसे येत होते. २०२० साली जवळपास ५ लाख गाड्या, २०२१ साली ९.३६ लाख, २०२२ साली १३.१ लाख, २०२३ साली १८.१ लाख. शांघायचा कारखाना जोरात होता, २०२२ साली बर्लिन आणि टेक्सासचे कारखानेही सुरू झाले. मॉडेल वाय २०२३ साली जगात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. म्हणजे विश्वास ठेवावा अशीच परिस्थिती होती.

पुढे २०२४ साली १७.९ लाख, म्हणजे पहिल्यांदाच वार्षिक घट. २०२५ साली साधारण १६.४ लाख, म्हणजे आणखी खाली. त्याच वर्षी चीनच्या बीवायडीने निव्वळ बॅटरीवरच्या २२.६ लाख गाड्या विकून पहिला नंबर घेतला. जानेवारी २०२६मध्ये कंपनीने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स बंद करून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट कारखान्यातली ती जागा ऑप्टिमस या माणसासारख्या रोबोंसाठी वापरणार असल्याचं जाहीर केलं. गाड्यांची संख्या वाढवणं हे आता त्यांचंच पहिलं उद्दिष्ट राहिलेलं दिसत नाही.

एवढं होऊनही शेअर पडलेला नाही. २०२५चा निव्वळ नफा ३.८ अब्ज डॉलर आणि बाजारमूल्य १,००० अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे नफ्याच्या अडीचशे पटीहून जास्त. वर्षाला एक कोटीच्या आसपास गाड्या विकणारी टोयोटा बाजारमूल्यात हिच्या कितीतरी मागे आहे.

तर माझी अडचण अशी आहे. तोटा होत असता तर निर्णय सोपा होता. इथे फायदा आहे, पण तो मी ज्या कारणाने पैसे लावले त्या कारणाने झालेला नाही. "विकू की ठेवू" हे विचारत नाहीये, ते माझं मी ठरवेन. दर तिमाहीला निकाल येतात तेव्हा नेमके कोणते आकडे बघितले की कंपनीचा धंदा सुधारतोय की घसरतोय हे कळेल? आणि बीवायडीशी तुलना करताना कोणती फसगत टाळायची? मस्क काय बोलले, ट्विटरवर काय गाजलं, हे कृपया नको. ताळेबंद वाचणाऱ्यांनी प्रकाश टाकावा.

आगाऊ धन्यवाद.

---

तिमाही:

चांगला प्रश्न. आकडे सोडून माणसावर घसरणारे धागे वाचून कंटाळा आला होता.

माझ्या मते पहिला आकडा डिलिव्हरीचा नाहीच. नियामक क्रेडिट वगळून गाड्यांच्या धंद्यातलं ग्रॉस मार्जिन (विक्रीतून बनवायचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा) बघा. क्रेडिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रदूषणाची मर्यादा पाळू न शकणाऱ्या कंपन्या ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांच्याकडून ती विकत घेतात. टेस्लाच्या सगळ्याच गाड्या विजेवरच्या, त्यामुळे तिच्याकडे शिल्लकच शिल्लक. या विक्रीला खर्च जवळपास शून्य, म्हणजे आलेला पैसा थेट नफ्यात. २०२४ साली यातून २.७६ अब्ज डॉलर आले, आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा होता ७.१ अब्ज. २०२५च्या पहिल्या तिमाहीत तर नफा ४०.९ कोटी डॉलर आणि क्रेडिट ५९.५ कोटी डॉलर. क्रेडिट नसती तर ती तिमाही तोट्यात गेली असती.

आता हा झरा आटतोय. जुलै २०२५च्या अमेरिकी कायद्याने इंधन-कार्यक्षमतेचे नियम मोडल्याबद्दलचा दंडच शून्य केला. दंड नाही तर क्रेडिट विकत कोण घेणार? युरोपनेही कंपन्यांना २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची सरासरी काढायची मुभा दिली, म्हणजे तिथली घाईही कमी झाली. म्हणून क्रेडिटसकटचं मार्जिन बघून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नका.

मार्जिन घसरलं कसं तेही लक्षात ठेवा. २०२२ साली गाड्यांचं मार्जिन २८ टक्क्यांच्या वर होतं. जानेवारी २०२३पासून किमती उतरवल्या आणि ते २० टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली गाड्या वाढल्या त्या बऱ्याच अंशी नफा सोडून वाढल्या. तुमचं "वाढीचं कारण" २०२४ साली गेलं असं तुम्हाला वाटतंय, पण ते २०२३ सालीच पातळ झालं होतं. संख्या दिसत होती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

एक गोष्ट टेस्लाच्या बाजूनेही सांगायला हवी. २०२३चा नफा १५ अब्ज आणि २०२४चा ७.१ अब्ज बघून "नफा अर्ध्यावर आला" असं लिहिणारे बरेच भेटतील. २०२३च्या त्या १५ अब्जांत ५.९ अब्ज हा कराच्या हिशेबातून आलेला एकदाच मिळणारा कागदी लाभ होता. तो काढा, मग घसरण दिसते तेवढी भयंकर नाही.

---

कुंपणावरचा:

धागा वाचनखुणांत टाकला आहे. माझ्याकडे ना टेस्ला ना बीवायडी, दर वर्षी "आता महाग आहे" म्हणतो आणि बाजूला बसतो.

---

विजेरी:

बीवायडीबद्दल मी लिहिते, कारण तिथेच फसगत जास्त होते.

पहिलं म्हणजे "बीवायडीने इतक्या गाड्या विकल्या" ही बातमी आली की त्यात हायब्रिड (बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या) किती ते विचारा. २०२४ साली त्यांनी ४२.७ लाख गाड्या विकल्या, त्यातल्या निव्वळ बॅटरीवरच्या १७.६ लाख. बाकीच्या बहुतेक प्लग-इन हायब्रिड. त्या वर्षी बॅटरीच्या गाड्यांत टेस्लाच थोडी पुढे होती. २०२५ साली मात्र बीवायडी खरोखर पुढे गेली, त्यात शंका नाही.

दुसरं, स्वस्ताईचं मूळ. वांग चुआनफू यांनी १९९५ साली शेनझेनमध्ये ही कंपनी काढली ती बॅटऱ्या बनवायला. गाड्या नंतर आल्या. गाडीतला सर्वांत महाग भाग स्वतः बनवता, त्यात लोखंड-फॉस्फेटची बॅटरी, म्हणजे निकेल-कोबाल्टचा खर्च नाही. अनुदान मिळालं, मान्य, पण "सगळं सरकारी पैशावर" म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो.

तिसरं, आयात शुल्क. अमेरिकेने २०२४ साली चिनी विजेरी गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं, त्यामुळे टेस्लाच्या घरच्या बाजारात बीवायडी नाहीच. तरीही तिथे टेस्लाची विक्री वाढत नसेल तर त्याचं खापर चिनी स्पर्धेवर फोडता येत नाही. हा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. युरोपने ऑक्टोबर २०२४मध्ये मूळच्या १० टक्क्यांवर बीवायडीला आणखी १७ टक्के आणि शांघायहून येणाऱ्या टेस्लाला ७.८ टक्के लावले. पण ते फक्त निव्वळ बॅटरीच्या गाड्यांवर. हायब्रिडला ते लागू नाही, म्हणून बीवायडीने तिकडे हायब्रिडचा जोर वाढवला.

आता टेस्ला विकून बीवायडी घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर थोडं थांबा. चीनमधल्या किंमतयुद्धात जिंकणाऱ्यालाही मार बसतोय. २०२५च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत बीवायडीचा नफा आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहींपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटला. शिवाय पुरवठादारांची देणी. हाँगकाँगच्या जीएमटी रिसर्च या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेने जानेवारी २०२५मध्ये म्हटलं की पुरवठादारांचे थकलेले पैसे धरले तर कंपनीचं खरं निव्वळ कर्ज ३२३ अब्ज युआनच्या आसपास जातं, ताळेबंदात दिसतं त्याच्या कितीतरी पट. जून २०२५मध्ये मोठ्या चिनी कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे चुकते करू असं कबूल केलं. पुरवठादाराच्या जिवावर धंदा वाढवायची सवय सुटली की रोकड किती उरते, ते बघायचं.

---

जुना खातेदार:

वरचं सगळं बरोबर, पण तुम्ही सगळे टेस्लाला गाड्यांच्या मापाने मोजताय. बाजार तसं मोजत नाही, हे तर धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय.

वीज साठवणुकीचा धंदा बघा. २०२३ साली १४.७ गिगावॉट-तास बसवले, २०२४ साली ३१.४, २०२५ साली ४६.७. तुम्हाला ५० टक्क्यांची वाढ हवी होती ना? ती इथे आहे, आणि मार्जिन गाड्यांपेक्षा चांगलं. २०२४ सालीच यातून १० अब्ज डॉलरची विक्री झाली. शांघायला मेगापॅकचा (वीज साठवायच्या मोठ्या बॅटरीचा) वेगळा कारखाना फेब्रुवारी २०२५पासून चालू आहे. रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाशिवायची टॅक्सी, टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये जून २०२५मध्ये सुरू झाली. माणसाशिवाय टॅक्सी चालली तर वर्षाला किती गाड्या विकल्या हा प्रश्नच गौण होतो.

मी एकही शेअर विकलेला नाही आणि विकणारही नाही.

---

तिमाही:

साठवणुकीबद्दल सहमत, तो धंदा खराच आहे. फक्त एक टीप: त्या धंद्यातही समोर बीवायडी आहे, आणि बॅटरीच्या सेलसाठी टेस्ला बऱ्याच अंशी चिनी पुरवठादारांवर अवलंबून राहिली आहे. शुल्क वाढलं की तिथलंही मार्जिन हलतं. शिवाय एकूण विक्री ९५ अब्जांच्या आसपास असताना साठवणुकीचा वाटा अजून लहान आहे. तेवढ्यावर १,००० अब्जांचं मूल्य उभं राहत नाही.

रोबोटॅक्सीचं मात्र बाजारात तुरी अशी गत आहे. ऑस्टिनमध्ये सुरुवात झाली तेव्हा शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस होता. त्याच सुमाराला गूगलच्या समूहातली टॅक्सी कंपनी वेमो चालकाशिवाय आठवड्याला अडीच लाख फेऱ्या करत होती, त्याही प्रवाशांनी पैसे मोजलेल्या. टेस्ला मागे राहीलच असं नाही. फक्त कॅमेऱ्यांवर चालणारी गाडी लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) लावलेल्या गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, आणि जमलं तर तीच तिची ताकद ठरेल. पण आजचा भाव "जमलं" असं धरूनच लावलेला आहे.

---

जुना खातेदार:

"जमलं" असं धरून २०२० सालीही भाव लावलेलाच होता. तेव्हाही लोक हेच म्हणत होते.

---

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. विजेरी, अमेरिकेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी सगळी घसरण बीवायडीच्या नावावर मांडत होतो. ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली, त्याआधीच्या तिमाहीत ४.९७ लाख डिलिव्हरींचा विक्रम झाला आणि पुढच्या तिमाहीत आकडा ४.१८ लाखांवर आला. म्हणजे मागणी आधीच ओढून घेतली गेली. आता सवलतीशिवायच्या चार तिमाही हातात आल्याशिवाय अमेरिकेबद्दल काही म्हणता येणार नाही असं वाटतं. बरोबर?

जुना खातेदार, तुमच्या ठाम मताबद्दल आदर आहे, पण "विकणारच नाही" हे मला जमणारं नाही. माझा बराच पैसा या एकाच शेअरमध्ये अडकलाय.

तिमाही, तुम्हाला आणखी एक विचारतो. डिलिव्हरीचा आकडा तिमाही संपल्यावर लगेच येतो, निकाल मात्र दोन-तीन आठवड्यांनी. त्या पहिल्या आकड्यावरून काही कळतं का, की तो नुसता गोंधळ?

---

तिमाही:

अमेरिकेबद्दल बरोबर.

त्या आकड्यासोबत उत्पादनाचाही आकडा येतो, दोन्ही शेजारी ठेवा. २०२५च्या तिसऱ्या तिमाहीत बनवल्या ४.४७ लाख आणि दिल्या ४.९७ लाख, म्हणजे साठा उपसला. चौथ्या तिमाहीत बनवल्या ४.३४ लाख, दिल्या ४.१८ लाख, साठा पुन्हा चढला. एका तिमाहीवरून काही ठरवू नका, पण लागोपाठ दोन-तीन तिमाही साठा चढत गेला तर पुढची बातमी किमती उतरवल्याची किंवा व्याजात सवलत दिल्याची असते, आणि ती मार्जिनमध्ये नंतर दिसते. निकालाच्या पत्रकात हातातला साठा किती दिवसांचा आहे ते छापलेलं असतं, ती ओळ शोधा.

आणि यंदा रोख प्रवाह विसरू नका. कंपनीने २०२६साठी भांडवली खर्च २० अब्ज डॉलरच्या वर जाईल असं सांगितलंय. २०२५ साली सगळा खर्च भागवून हाती उरलेली रोकड ६.२ अब्ज होती. गाड्यांतून पैसा कमी येत असताना रोबो, टॅक्सी आणि संगणकांवर एवढा खर्च म्हणजे हाती उरणारी रोकड उणे जाऊ शकते. कंपनीकडे ४० अब्जांच्या वर गंगाजळी आहे, त्यामुळे बुडायची भीती नाही. पण नवे शेअर काढून पैसे उभारले तर तुमचा वाटा तेवढा पातळ होईल. २०२० साली त्यांनी ते केलेलं आहे.

---

विजेरी:

एकाच शेअरमध्ये बराच पैसा आहे हे वाचलं. मग आकडे कोणते बघायचे याच्याआधी, कोणता आकडा कुठे गेला की किती विकायचे हे आजच कागदावर लिहून ठेवा. निकालाच्या रात्री भाव १० टक्के वर किंवा खाली गेलेला असतो, तेव्हा ठरवायला बसू नका.

---

धागाकर्ता:

लिहायला घेतलंय. क्रेडिट वगळून मार्जिन लागोपाठ तीन तिमाही घसरलं तर एक तृतीयांश कमी करायचे, इथपर्यंत आलोय. साठवणुकीसाठी अशीच एखादी रेषा कुठे आखावी? गिगावॉट-तासांवर की त्या धंद्याच्या मार्जिनवर?

---

तिमाही:

मार्जिनवर. गिगावॉट-तास तिमाहीगणिक फार वरखाली होतात, एखादा मोठा प्रकल्प पुढे ढकलला गेला तरी आकडा पडतो. ते बघायचेच असतील तर चार तिमाहींची बेरीज करून बघा.