नानांसाठी बोलणारा प्लेअर: जुन्या सॅन्सा क्लिप प्लसवर रॉकबॉक्स बसवावे का?

लष्करची लेक (ग्वाल्हेर)

नमस्कार. माझ्या वडिलांना आम्ही सगळे नाना म्हणतो. ते ८१ वर्षांचे आहेत आणि काचबिंदूमुळे गेल्या तीन वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली आहे. आयुष्यभर त्यांनी घरी गाणे शिकवले. त्यांच्या संग्रहात १४० कॅसेट आहेत. त्यांत आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली गायने आहेत, घरगुती बैठकी आहेत, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांचे उतारवयातले काही गाणे आहे, आणि नानांनी शिष्यांना दिलेल्या तालमीही आहेत. गेल्या वर्षभरात या सगळ्या कॅसेट संगणकावर आणल्या. निम्म्या मी घरी उतरवल्या आणि निम्म्या एका दुकानातून करून घेतल्या. गाणे आता सुरक्षित आहे, पण ज्यांचे ते आहे त्यांना ते स्वतःच्या हाताने लावता येत नाही.

मोबाइलचा प्रयत्न करून झाला. पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू केली होती, परंतु नानांचा हात थोडा कापतो आणि गुळगुळीत काचेवर बोट नेमके कुठे टेकले आहे हे त्यांना समजत नाही. गाण्याऐवजी कुणाला तरी फोन लागतो, आणि मग ते मोबाइल बाजूला ठेवून गप्प बसून राहतात. दर वेळी मला हाक मारून ‘जरा यमन लावतेस का’ असे विचारणे त्यांच्या जिवावर येते, हे त्यांच्या आवाजावरून मला कळते.

कपाट आवरताना भावाचा सॅन्सा क्लिप प्लस हा गाणी ऐकायचा जुना प्लेअर सापडला. काड्यापेटीएवढा आहे, चार्ज केल्यावर सुरू झाला, आणि मुख्य म्हणजे त्याची बटणे बोटाला लागतात. मात्र त्यातली मूळ प्रणाली एक शब्द बोलत नाही. रॉकबॉक्स नावाची मुक्त प्रणाली त्यावर बसवली तर तो फोल्डरांची नावे बोलून दाखवतो, असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का, त्यात यंत्र कायमचे निकामी होण्याचा धोका कितपत आहे, आणि मराठीत बोलवणे शक्य आहे का? सगळ्या कॅसेट मावाव्यात म्हणून ६४ जीबीचे कार्ड घेण्याचा विचार आहे. तो बरोबर आहे का, हेही सांगावे.

राजवाड्याजवळचा (इंदूर)

ताई, जरूर बसवा. माझ्या आत्यासाठी मी चार वर्षांपूर्वी याच प्लेअरवर रॉकबॉक्स बसवले, त्यामुळे पुढचे सगळे हाताळलेल्या अनुभवावरून लिहीत आहे.

रॉकबॉक्सची सुरुवात २००१ साली स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांनी केली, कारण आर्कोस कंपनीच्या प्लेअरमधली मूळ प्रणाली त्यांना अपुरी वाटत होती. पुढे ती अनेक कंपन्यांच्या प्लेअरवर पोहोचली. ती जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही ती विनामूल्य वापरावी, बदलावी आणि वाटावी. बोलणारे मेनू तिच्यात पुष्कळ जुने आहेत आणि दृष्टी नसलेले अनेक जण केवळ त्यासाठीच ती वापरतात.

धोका आहे, पण तो एकाच क्षणापुरता. सुरुवात करवून देणारा छोटा भाग यंत्रात लिहिला जात असताना प्लेअर बंद पडता कामा नये. म्हणून आधी प्लेअर पूर्ण चार्ज करावा, त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड ‘एमएससी’ (म्हणजे संगणकाला प्लेअर पेनड्राइव्हसारखा दिसतो) करावा, आणि मगच संगणकावर ‘रॉकबॉक्स युटिलिटी’ चालवावी. ती प्लेअर ओळखते, मूळ प्रणालीची फाइल मागते (ती आपणच उतरवून द्यावी लागते) आणि बाकीचे काम करते. मूळ प्रणाली पुसली जात नाही. प्लेअर सुरू करताना डावे बटण दाबून धरले की तीच पुन्हा उघडते. त्यामुळे पसंत पडले नाही तर परतीची वाट मोकळी आहे.

कार्डाविषयी थोडा हिशेब करू या. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये ९० मिनिटांची कॅसेट सुमारे ८६ एमबी होते, म्हणजे १४० कॅसेट जास्तीत जास्त १२ जीबीत बसतात. आपल्याला ३२ जीबीचे कार्ड भरपूर आहे. ६४ जीबीचे कार्ड दुकानातून एक्सफॅट पद्धतीने आखलेले येते आणि रॉकबॉक्सला फॅट३२ लागते, म्हणजे ते पुन्हा आखण्याचा खटाटोप विनाकारण मागे लागेल. मूळ, आकार कमी न केलेल्या फाइली मात्र संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर जपून ठेवाव्यात; प्लेअरमध्ये जे जाईल ती फक्त ऐकायची प्रत समजावी.

आता मराठीचा प्रश्न. सगळे मेनू मराठीत बोलवायच्या मागे लागू नका. मी आधी तेच केले आणि महिना घालवला. आत्या त्या मेनूंत कधी गेलीच नाही. तिला लागत होती फक्त आठ-दहा फोल्डरांची आणि त्यांतल्या गाण्यांची नावे. रॉकबॉक्स प्रत्येक फोल्डरसाठी आणि प्रत्येक फाइलसाठी आवाजाची वेगळी चिठ्ठी स्वीकारते. फोल्डरच्या आत ‘_डिरनेम.टॉक’ या नावाची फाइल ठेवली की त्या फोल्डरवर येताच ती वाजते. गाण्यासाठी त्याच्या पूर्ण नावापुढे ‘.टॉक’ जोडायचे. ही सगळी नावे अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची. नंतर आवाजाच्या सेटिंगमध्ये फोल्डर आणि फाइल या दोन्हींच्या ‘टॉक क्लिप’ सुरू कराव्यात.

या चिठ्ठ्या ईस्पीक नावाच्या मुक्त साधनाकडून करून घेता येतात आणि त्याला मराठी येते, पण त्याचा आवाज यंत्राचा आहे. आपण स्वतः मोबाइलवर बोलून, ती फाइल एकाच चॅनेलच्या वेव्ह स्वरूपात ठेवून, रॉकबॉक्ससोबतच मिळणाऱ्या ‘आरबीस्पीक्सएन्क’ या साधनातून काढली तर घरच्या माणसाचा आवाज प्लेअरमधून येतो. आत्याच्या प्लेअरमध्ये माझ्या मुलीचा आवाज आहे आणि ती अजून तोच ऐकते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. जोडाक्षरे सुटी पडतात. नानांना त्याने फरक पडणार नाही, पण मदत करताना आपल्याला वाचता यावे म्हणून फाइलींची नावे रोमनमध्येच ठेवावीत.

दौलतगंज (ग्वाल्हेर)

मला संगणकातले फारसे कळत नाही, पण मी गाण्याच्या क्षेत्रातला आहे आणि या धाग्यातल्या संग्रहाविषयी वाचून राहवले नाही. दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट मांडणीची. फोल्डर गायकांच्या नावाने किंवा कॅसेटच्या क्रमांकाने लावू नका. ज्या माणसाने जन्मभर गाणे शिकवले आहे, त्याच्या मनात राग प्रहरानुसार बसलेले असतात. पहाट, सकाळ, दुपार, दिवेलागण, रात्र आणि मध्यरात्र असे सहा कप्पे करा. पहाटेत ललित आणि भैरव, सकाळी तोडी आणि अल्हैया बिलावल, दुपारी शुद्ध सारंग व पुढे भीमपलासी आणि मुलतानी, दिवेलागणीला पूरिया आणि यमन, रात्री केदार, बिहाग, बागेश्री, आणि शेवटी मालकंस व दरबारी. नानांना एकदाही सांगावे लागणार नाही की कोणता राग कुठे ठेवला आहे. टप्पे व तराणे हे गायनप्रकार आणि तालमी यांचा सातवा कप्पा वेगळा असू द्यावा. आपल्या ग्वाल्हेर घराण्यात टप्प्याचे जे स्थान आहे ते पाहता नाना तो कप्पा पुष्कळ वेळा उघडतील असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुनी टेपयंत्रे एका वेगाने चालत नाहीत. दुकानात उतरवलेल्या कॅसेट घरच्या कॅसेटपेक्षा चढ्या किंवा उतरलेल्या स्वरात वाजत असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते नानांना पहिल्या षड्जालाच खटकेल. प्लेअरमध्ये भरण्याआधी प्रत्येक कॅसेटचे पहिले मिनिट त्यांना ऐकवा आणि गायकाची पट्टी, म्हणजे त्याने ‘सा’ धरलेला सूर, कोणती असायला हवी ते विचारून घ्या. त्याच बैठकीत राग, बंदिश आणि गायक यांची नावे त्यांच्याच तोंडून उतरवून घेतली, तर वर इंदूरच्या बंधूंनी सांगितलेल्या चिठ्ठ्याही तयार होतील. ही माहिती आज केवळ त्यांच्याकडे आहे.

सयाजीबाग (वडोदरा)

वरच्या दोघांशी सहमत आहे; काही सेटिंग तेवढी जोडतो.

‘स्टार्ट स्क्रीन’ या ठिकाणी ‘रिझ्यूम प्लेबॅक’ निवडा, म्हणजे प्लेअर सुरू करताच गाणे जिथे थांबले होते तिथून पुढे वाजू लागेल. थांबवताना खूण आपोआप ठेवली जाईल अशी बुकमार्कची सोयही सुरू करा. तासाभराच्या फाइलींना तिच्यावाचून गत्यंतर नाही. ‘कीक्लिक’ सुरू केले की प्रत्येक बटणाला बारीक टक् असा आवाज येतो, आणि बटण दाबले गेले की नाही ही शंका राहत नाही. आवाजाला वरची मर्यादा घालून ठेवा, कारण हात कापत असेल तर कानाला अचानक धक्का बसू शकतो.

वेग सुधारताना संगणकावर ऑडासिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामात ‘चेंज पिच’ वापरू नये, ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरावे. टेप जलद फिरली की स्वर आणि लय दोन्ही एकदम चढतात, म्हणून दोन्ही एकदमच खाली आणायला हवीत. अर्धा स्वर उतरवायचा असेल तर वेग मूळच्या ०.९४४ पट ठेवावा.

कंपनीने या प्लेअरची बॅटरी १५ तासांची सांगितली होती. इतक्या वर्षांनंतर तेवढी अपेक्षा ठेवू नये. रोज रात्री चार्जिंगला लावण्याची सवय घरात कुणी तरी आपल्याकडे घ्यावी.

लष्करची लेक (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काम वाटले त्याहून मोठे निघाले.

रॉकबॉक्स बसवायला अर्धा तास पुरला. पुढचा सगळा काळ दौलतगंजच्या काकांनी सुचवलेल्या बैठकींत गेला, आणि ते सांगितल्याबद्दल त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर आम्ही सात-आठ कॅसेट ऐकत होतो. दुकानात उतरवलेली पहिलीच फाइल लावली, तेव्हा नानांनी तानपुरा ऐकताच हात वर करून मला थांबवले. ‘हे काळी दोनमध्ये गायलेले आहे, मी समोर बसलो होतो. तू पांढरी तीनमध्ये ऐकवते आहेस,’ असे ते म्हणाले. (पेटीवर हे दोन सूर शेजारी असतात.) संगणकावर ट्यूनर लावून पाहिले तर खरोखरच अर्ध्या स्वराचा फरक होता. अशा एकूण २३ फाइली निघाल्या आणि त्या सगळ्या ०.९४४ च्या हिशेबाने खाली आणल्या. त्यानंतर तीच बैठक पुन्हा लावली, तेव्हा ते संपूर्ण विलंबित संपेपर्यंत काही बोलले नाहीत. फक्त डाव्या हाताची बोटे मांडीवर ताल मोजत होती.

फोल्डरांची नावे माझ्या आवाजात आहेत, पण गाण्यांच्या चिठ्ठ्या नानांनी स्वतः सांगितल्या आहेत. ‘बागेश्री, विलंबित, आमच्या माडीवर, पावसात’ अशी एक चिठ्ठी आहे. मी तारीख लिहून ठेवली असती, त्यांनी पाऊस सांगितला. आणि खरेच, त्या ध्वनिमुद्रणात मागे पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आहे. ११ कॅसेटमधला गायक त्यांनाही ओळखता आला नाही. त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

मधले बटण बोटाला चटकन सापडत नव्हते, म्हणून आधी त्यावर खड्याची टिकली लावली. ती दोन दिवसांत निघाली. मग नेलपॉलिशचे तीन थर एकावर एक वाळवून उंचवटा केला, तो टिकला आहे. वरचे बटण दाबले की गाणे थांबते आणि पुन्हा दाबले की सुरू होते, हे त्यांना पहिल्याच दिवशी जमले. चौकोनी होम बटण चुकून दाबले गेले की प्लेअर इंग्रजीत बोलू लागतो आणि ते गोंधळतात, पण मधले बटण दाबून परत येणे त्यांनी आता शिकून घेतले आहे. परवा पहाटे पाचला मी उठले तेव्हा त्यांच्या खोलीत ललित चालू होता आणि मला कुणी हाक मारली नव्हती.

एक अडचण शिल्लक आहे. ‘रात्र’ या फोल्डरमधल्या तीन गाण्यांवर आले की प्लेअर गप्प राहतो, चिठ्ठी वाजत नाही. बाकीची सगळी बोलतात. चिठ्ठ्यांच्या फाइली तिथे आहेत, हे मी तपासले आहे.

राजवाड्याजवळचा (इंदूर)

ताई, ही तीन गाणी बहुधा वेग सुधारलेल्या २३ फाइलींपैकी असावीत. सुधारलेली प्रत साठवताना आपण नाव थोडे बदलले असेल, उदाहरणार्थ ‘केदार-२’ चे ‘केदार-२-नवे’ झाले असेल, आणि चिठ्ठी मात्र जुन्याच नावाची राहिली असेल. चिठ्ठीचे नाव गाण्याच्या पूर्ण नावाशी अक्षरन् अक्षर जुळावे लागते, शेवटच्या ‘.एमपी३’ सकट, आणि त्यानंतर ‘.टॉक’. संगणकावर फाइलींची शेपटे लपवलेली असतील तर आधी ती दिसू द्या, म्हणजे चूक लगेच सापडेल. चिठ्ठी पुन्हा बोलून घेण्याची गरज नाही, नुसते नाव बदलले की पुरे.

लष्करची लेक (ग्वाल्हेर)

अगदी तसेच झाले होते. तिन्ही नावे बदलली आणि तिन्ही चिठ्ठ्या वाजू लागल्या.