मे १९६२: पोर्तुगीज सैनिक घरी गेले, मोहन रानडे तुरुंगातच राहिले. दिल्लीचं चुकलं का?

लोंढेकर
आमचे आजोबा लोंढ्याला रेल्वेत पॉइंट्समन होते. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याकडे जाणारी गाडी बंद झाली. ते सांगायचे, रोज चाकांनी घासून चकचकीत राहणारे रूळ पावसात आठ दिवसांतच तांबडे झाले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला कॅसलरॉकवरून निघालेल्या सत्याग्रहींवर पलीकडच्या बोगद्यात गोळ्या झाडल्या गेल्या. आदल्या रात्री त्यांतल्या काहींना आजीने फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. फडकं परत आणून देतो म्हणाला होता त्यांतला एक पोरगा. आजी ते शेवटपर्यंत सांगायची.

म्हणून हा विषय मला पुस्तकातला वाटत नाही. मांडायचंय ते असं.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी हत्यार उचललेल्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षं. १९६० साली त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. त्या मोहिमेचं, १७ व्या डिव्हिजनचं, मुख्यालय आपल्या बेळगावातच होतं. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वासकट तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज आपल्या हाती लागले. मे १९६२ मध्ये ते सगळे कराचीमार्गे बोटींनी लिस्बनला पोचले. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

ज्यांच्यासाठी सैन्य गेलं त्यांतला माणूस तिकडे, आणि त्याला डांबणाऱ्यांचे तीन हजार इकडे. एवढं हातात असताना त्यांना बोटीत बसवण्याआधी "आमचे दोघं द्या" असं ठणकावून का नाही सांगितलं? दोघं म्हणजे रानडे आणि डॉ. टेलो मास्कारेन्हस, तेही तिकडच्याच तुरुंगात. मला ही चूक वाटते, आणि साधी चूक नव्हे. त्या चुकीची किंमत एका माणसाने आयुष्यातली आणखी सात वर्षं देऊन चुकवली.

वकील, टिळकवाडी
लोंढेकर, तुमची कळकळ पोचली. पण हा हिशोब मला मान्य नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की लढाई थांबली की युद्धकैदी विनाविलंब सोडायचे. त्याला अट नाही. आपण १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला होता. अडवून ठेवलेला सैनिक युद्धकैदी राहत नाही, ओलीस होतो. गोवा बळाने घेतला म्हणून सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आला होता, सोव्हिएत व्हेटोमुळे तो बारगळला. तशा वेळी सैनिक अडकवून ठेवले असते तर आपल्याच हाताने आपलं तोंड काळं केल्यासारखं झालं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही म्हणता हातात तीन हजार होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या लेखी ते तीन हजार काय किमतीचे होते? १४ डिसेंबरच्या तारेत त्याने कळवलं होतं की शरणागती नको, कैदी नकोत, सैनिक जिंकलेले हवेत नाहीतर मेलेले. वासालो इ सिल्वा माणसं वाचवून परत गेला, तर त्याला सैन्यातूनच काढून टाकलं. ज्या मालकाला आपली जनावरं परत नकोत त्याच्याशी दावणीचा सौदा कसा करणार?

आणि तिकडे पोर्तुगालच्याच ताब्यातल्या मोझांबिकमधले भारतीय, बहुतेक गुजराती व्यापारी, त्याने छावण्यांत डांबले होते, त्यांची मालमत्ता गोठवली होती. आपण एक अट घातली असती तर त्याने दहा घातल्या असत्या.

निपाणीकर
वकीलसाहेब, कायदा बरोबर, पण "विनाविलंब" म्हणजे पाच महिने का? १९ डिसेंबर ते मे. बोलणी चालूच होती की. त्या पाच महिन्यांत आणखी दोन नावं टेबलावर ठेवली असती तर कुठला करार मोडला असता?

वकील, टिळकवाडी
ठेवली नसतील हे आपण निकालावरून ठरवतोय. मागणं आणि मिळणं वेगळं. पाच महिने लागले ते माणसं कुठल्या वाटेने न्यायची आणि मोझांबिकमधल्यांचं काय करायचं या घोळात. आणि मध्ये बोलणार कोण होतं? आपली लिस्बनची वकिलात १९५३ पासून बंद. १९५५ मध्ये त्यांची दिल्लीतली बंद झाली, आपली पणजीतली कचेरी बंद झाली. आपल्या वतीने इजिप्त बोलायचा, त्यांच्या वतीने ब्राझील. एक वाक्य बोलायचं तर चार राजधान्या फिरून जायचं. आपल्याला आज फोन उचलायची सवय, म्हणून हे सोपं वाटतं.

शहापूरची सून
मी इथे फारशी लिहीत नाही. पण "दोघं राहिले" हे वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या सासूबाई डिचोलीकडच्या. त्यांचे थोरले भाऊ १९५५ पासून गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात होते. गोव्याचेच, बाहेरून गेलेले सत्याग्रही नव्हेत. १९५७ च्या फेब्रुवारीत बाहेरचे सत्याग्रही सुटले, नानासाहेब गोरे, मधु लिमये, त्रिदिब चौधरी. दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झालेले लोक दीड-पावणेदोन वर्षांत घरी आले. चांगलंच झालं, त्यांनीही मार खाल्ला होता. पण सासूबाईंचे भाऊ तिथेच राहिले, आणि त्यांच्यासारखे कितीतरी. कारण पोर्तुगालच्या लेखी भारतीय सत्याग्रही म्हणजे परदेशी घुसखोर, हाकलून दिलं की झालं. गोव्याचा माणूस मात्र त्यांचा स्वतःचा नागरिक, म्हणजे राजद्रोही. आणि त्यांच्या नागरिकाबद्दल दिल्लीने शब्द टाकला की त्यांचं ठरलेलं उत्तर, हा आमचा घरचा मामला.

सासूबाईंच्या आईने त्यांच्या वहाणा जपून ठेवल्या होत्या. दर पावसाळ्याआधी खोबरेल लावून चामडं मऊ करायचं, कोरड्या कापडाने पुसायचं, फळीवर ठेवायचं. सासूबाईंनी ते सहा पावसाळे बघितलं. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य आलं आणि भाऊ घरी आले, तेव्हा पाय इतके सुजले होते की त्या वहाणा चढल्याच नाहीत.

तेव्हा १९६२ चं बोला, पण १९५७ चंही बोला. बाहेरचे सुटल्यावर पेपरातलं लक्षही त्यांच्याबरोबर बाहेर गेलं.

लोंढेकर
वहिनी, हे मला ठाऊक नव्हतं. धाग्याच्या सुरुवातीलाच हे यायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

वकीलसाहेब, सैनिक अडवायला नको होते हे मी मानतो. ओलीस या शब्दावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पुढची सात वर्षं? त्या काळात कोण हललं? सुधीर फडके हलले. ज्यांच्या आवाजात आपण गीतरामायण ऐकतो त्यांनी रानडे विमोचन समिती काढली, गावोगाव कार्यक्रम केले, पैसा उभा केला. तमिळनाडूचे अण्णादुराई हलले. १९६८ च्या परदेश दौऱ्यात ते पोप सहावे पॉल यांना भेटले आणि या मराठी माणसाच्या सुटकेसाठी शब्द टाकला. रानडे सुटून त्यांचे आभार मानायला निघाले, तेवढ्यात ३ फेब्रुवारी १९६९ ला अण्णादुराई गेले. भेट झालीच नाही. आपण इथे सीमेवर भाषेवरून रोज भांडतो, आणि सांगलीच्या माणसासाठी पोपपुढे उभा राहिला तो मद्रासचा मुख्यमंत्री. मला हे वाचताना गलबलून येतं. एक गायक आणि एका राज्याचा मुख्यमंत्री जे करू शकले ते परराष्ट्र खात्याला का जमू नये?

खानापूरकर
जमलं नाही असं का म्हणता ओ? पोपच्या शब्दाला मीही मान देतो. पण तारखा बघा. सप्टेंबर १९६८ मध्ये सालाझार आजारी पडून खुर्चीवरून गेला, कायतानो आला. चार महिन्यांत रानडे बाहेर. सालाझार बसलेला असता तर पोपचा शब्दही खिशातच राहिला असता. शेवटी त्यांचा आपला करार झाला तोही त्यांच्याकडे क्रांती झाल्यावर, १९७४ च्या डिसेंबरात.

मुत्सद्देगिरीत निम्मं काम समोरचा माणूस बदलायची वाट बघण्याचं असतं. तोवर आपलं माणूस जिवंत राहील एवढं बघायचं.

निपाणीकर
जिवंत राहील एवढं? सहा वर्षं एकांतकोठडीत काढली त्यांनी. वाट बघा म्हणणं आपल्याला सोपं आहे. आणि कायतानो आला तेव्हा त्याच्यापुढे रानडेंचं नाव होतंच ना? ते फडक्यांनी आणि अण्णादुराईंनी तिथे जिवंत ठेवलं म्हणून होतं. नाव कुणी घेतलंच नसतं तर नव्या माणसाने सोडायचं तरी कुणाला? काशियाशच्या कोठडीत कोण आहे हे त्याला कोण सांगणार होतं?

वकील, टिळकवाडी
निपाणीकर, या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर. सरकार दबक्या आवाजात बोलतं आणि लोकांनी मोठ्याने बोलायचं, दोन्ही एकाच वेळी लागतं. १९४६ साली लोहियांना कुळ्यात पकडून आग्वादला टाकलं, तेव्हा गांधीजी व्हाईसरॉयकडेही बोलले आणि जाहीरपणेही लिहीत राहिले. दहा दिवसांत लोहिया बाहेर आले. अर्थात तेव्हा मागे ब्रिटिश साम्राज्य होतं आणि लोहिया बाहेरचे होते. त्याच वर्षीच्या जुलैत शिक्षा झालेले स्वातंत्र्यलढ्यातले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा मात्र गोव्याचे. त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. लिहिता लिहिता लक्षात आलं, वहिनी, तुमचाच मुद्दा सिद्ध होतोय.

पण १९६२ बद्दल माझं मत तेच. सैनिक बिनशर्त परत पाठवले हे आपण बरोबर केलं.

लोंढेकर
आणि माझंही मत अर्धं तेच. अट घालू नका, पण शेवटची बोट भरली त्या दिवशी दोन नावं जाहीर सभेत, संसदेत, जगासमोर मोठ्याने घ्यायला हवी होती. तुमचे सैनिक गेले, आता आमचे दोघं द्या, ते तर सैनिकही नव्हेत. याला ओलीस म्हणत नाहीत.

शहापूरची सून
दादा, त्या दोघांतही फरक झालाच बघा. रानडे जानेवारी १९६९ ला सुटले. टेलो मास्कारेन्हस १९७० साली. ते गोव्याचे होते.