खडकावर गरवायला शिकतोय, मासे कमी आणि शिसं जास्त जातंय

गळ_अडकला

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याकडचा, राहायला सांताक्रूझ, म्हणजे पाण्याशी संबंध विहिरीपुरता. दिवाळीनंतर एकदा वांद्र्याच्या बँडस्टँडला फिरताना खाली खडकावर एक काका बसलेले दिसले, हातात रॉड नाही काही नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, आणि त्यावर त्यांनी माझ्यासमोर चांगली किलोभराची तांबोशी वर काढली. झालं, डोक्यात किडा शिरला. पुढच्याच आठवड्यात सात फुटी रॉड, रील, गळ, वजनाला शिसं असं सगळं घेऊन आलो, बायकोला खरी किंमत अजून सांगितलेली नाही.

आत्तापर्यंत चार रविवार झाले. हिशोब असा: एक शिंगाळा, एक केंड, आणि सोळा शिसं गेली. सोळा! दर दोन-तीन फेकींना खाली कपारीत अडकतं, मग ओढा, हिसका द्या, शेवटी तंगूस तुटतो आणि गळासकट सगळं समुद्राला अर्पण. केंड वर आला तो टुमकन फुगला, बघायला मजा वाटली, पण खालच्या मजल्यावरचे एकजण म्हणाले की साल काढून खातात, म्हणून विचारतो, खातात का? मी सोडून दिला होता.

आणि गेल्या रविवारी मात्र फाटली. सकाळी सातला गेलो, पाणी खूप आत गेलेलं, म्हटलं वा, आज लांबपर्यंत जाता येईल. गेलो पार टोकाला. साडेनऊपर्यंत समोर पाणी वाढतंय ते दिसत होतं पण माझा खडक उंच होता म्हणून निवांत होतो, दहाच्या सुमारास मागे वळून बघतो तर येताना जिथून चपला न भिजवता आलो तिथे मांडीएवढं पाणी आणि ते पण ओढीचं. रॉड डोक्यावर धरून कसाबसा आलो, पायाला कालवं लागून दोन ठिकाणी कापलं. पोहता येतं मला, पण विहिरीतलं.

तर प्रश्न असे की शिसं वाचवायचं कसं, जायचं कधी, आणि हे पाणी मागून येतं ते आधी कळतं कसं?

चिंबईचा_पोरगा

भावा, आधी देवाला नारळ दे. पाणी समोरून येतं असं वाटतं, पण बँडस्टँडचा खडक सपाट नाही, मध्ये मध्ये घळी आहेत, त्या आधी भरतात. तू बसलेला असतोस उंचावर, तुझ्या मागची घळ तुझ्या पायापेक्षा खाली. त्यामुळे तुझा खडक कोरडा आहे याला काय अर्थ नाय, वाट कोरडी आहे का ते बघायचं.

आता वेळेचं. आमच्या घरात भरतीचं पुस्तक कोण बघत नव्हतं, कालनिर्णय बघायचे. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. गेल्या रविवारी अमावस्येनंतरची प्रतिपदा होती ना, एक गुणिले पाऊण, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीसच्या आसपास पूर्ण भरती. तिथून सहा तास मागे जा, साडेसहा, पावणेसात. तू सातला गेलास म्हणजे बरोबर सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला गेलास आणि सगळी वाढ अंगावर घेतलीस. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतं, मोबाईलवर पण चेक कर, पण हा हिशोब डोक्यात असला की फसत नाय.

दुसरं म्हणजे पाणी सारख्या वेगाने चढत नाय. सहा तासांचे बारा भाग धर. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन तीन, मग परत दोन, एक. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आपल्याकडे चार मीटर चढ सहज होते, म्हणजे मधल्या दोन तासांत तासाला एक मीटर! तू पहिले दोन तास बघितलंस, वाटलं हळूहळू येतंय, आणि साडेआठनंतर त्याने गियर टाकला. सगळे नवीन लोक इथेच फसतात.

येत्या रविवारी अष्टमी आहे, आठ गुणिले पाऊण सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराला सुकती, आणि भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी जास्त चढणार पण नाय उतरणार पण नाय. भांगात पाण्याला फार ओढ नसते, आमचे डोल जाळी लावणारे तेव्हा जाळी दुरुस्त करत बसतात. मासा थोडा सुस्त असतो खरं, पण शिकायला हेच दिवस बरे. दुपारी साडेतीनला जा, काठाजवळच्या खडकावर बस, सहाला उठ.

तंगूस_०५०

सोळा म्हणजे काहीच नाही, मी पहिल्या वर्षी मोजणं सोडून दिलं होतं.

तुमची चूक अशी होत असणार की शिसं मेन लाईनलाच बांधलंय. तसं करू नका. स्विवेल (फिरती कडी) लावा, एका बाजूला गळाची दोरी, आणि शिसं वेगळ्या वीतभर पातळ तंगूसवर लोंबतं ठेवा, मेन लाईनच्या निम्म्या ताकदीच्या. कपारीत जातं ते शिसंच, अडकलं की ते एकटं तुटतं, गळ आणि लागलेला मासा हातात राहतो. आणि खडकावर विकतचं शिसं वापरायचंच कशाला, गॅरेजवाल्याकडून जुने स्पार्क प्लग मागून आणा, फुकट देतो, नाहीतर गंजके नट. मुळात तळाला टाकायची गरजच काय, फ्लोट लावा, गळ खडकाच्या हातभर वर तरंगू दे. मासा खाली लपलेला असला तरी गळाला लावलेली करंदी (छोटी कोळंबी) दिसली की वर येतो.

सात फुटी रॉड लहान पडतोय, लाईन समोरच्या कालवांवर घासते आणि तुटते. पुढे कधी घ्याल तेव्हा नऊ-दहा फुटी घ्या, आत्ता नका घेऊ, वहिनींना आधीच्याची किंमत कळायची आहे अजून. घरी आलं की रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, नळाची जोराची धार मारू नका, मीठ आत जातं.

दांड्याची_लेक

केंड खायचा नाही!! साल काढून नाही, उकळून नाही, तळून नाही. त्याच्या अंगातलं विष शिजवून जात नाही, आणि चढलं की श्वास घेणारे स्नायूच बंद पडतात, त्यावर उतारा औषध नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांना सांगा, गच्चीवर जाऊन मोकळी हवा खा म्हणावं. सोडलात ते उत्तम केलंत. तंगूस पण तोच तोडतो बरं का, त्याचे दात पक्कडीसारखे असतात, लाईन सफाईदार कापलेली दिसली की समजायचं.

शिंगाळा मात्र मस्त लागतो, आमच्याकडे चिंचेचं आंबट करतात, आगरीकोळी मसाला आणि भरपूर लसूण. पण गळावरून काढताना त्याला हाताने दाबून धरलात का? पाठीवर एक आणि बाजूच्या परांना दोन असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. माझ्या बाबांना एकदा तळहाताला लागला, हात कोपरापर्यंत ठणकत होता. आजीने सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, तासाभराने कळ उतरली. हा नुसता घरगुती उपाय नाही, डॉक्टरही गरम पाणीच सांगतात, फक्त भाजेल एवढं कढत नको. नंतर दवाखान्यात जाऊन जखम साफ करून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, काटा आत तुटून राहतो कधीकधी. तुमचे कालवांचे काप पण दाखवून घ्या, ते चिघळतात. आणि चपला कसल्या घालता, बांधायचे बूट घाला, हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही म्हणजे नाही.

रोज_कार्टर_रोड

दोन गोष्टी. एकटे जाऊ नका, आणि पोचल्यावर लगेच गळ टाकू नका, पंधरा मिनिटं नुसतं बसून लाटा बघा, मोठी लाट दर वेळी येत नाही, मधूनच येते. जो खडक ओला आहे तिथे लाट पोचते, बास, एवढंच. मी बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि दहा मीटर दोरी नेतो, कोणी पडलंच तर फेकायला, उडी मारायला नाही. तटरक्षक दलाचा नंबर 1554 मोबाईलमध्ये सेव्ह करा. जून-जुलैमध्ये खडकाचं नावच काढू नका, तेव्हा होड्यासुद्धा बंद असतात.

आणि तुटलेला तंगूस तिथे टाकू नका रे कोणी, मागच्या महिन्यात एका कुत्र्याच्या पायाला आवळून बसलेला मीच कापून काढला.

गळ_अडकला

सगळ्यांचे आभार. काल अष्टमीला गेलो होतो, ऑफिसातल्या एकाला बळंच सोबत नेलं. साडेतीन ते सहा, काठाजवळ, फ्लोटवर करंदी. पाणी खरंच सहाला येऊन थांबलं, कालनिर्णयाला साष्टांग. शिसं फक्त दोन गेलं, ते पण स्पार्क प्लग. मासा म्हणाल तर बोटभर लांबीचा एक हेकरू, सोडून दिला. सोबतच्याला मात्र पहिल्याच दिवशी तासाभरात तांबोशी लागली, माझ्याच रॉडवर, आणि तो ती घरी घेऊन गेला.

बूट घेतले. रॉडची किंमत घरी कळली आहे.

@चिंबईचा_पोरगा, पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण सव्वाअकरा येतात, पण मोबाईल बारा सांगतोय, मग कोणाचं धरायचं?

चिंबईचा_पोरगा

जिथे दोघांत फरक पडेल तिथे लवकरची वेळ धर आणि त्याच्या चार तास आधी खडक सोड. पौर्णिमेला तू जाऊच नको पण.