ओलीस, डांबलेली की कोंडलेली?

प्रश्न : कथा लिहितोय. ओळखीचाच माणूस एका बाईला तळघरात ठेवतो. खंडणी नाही, कुणाला फोन नाही. 'बंदिवान' बखरीतला वाटतो, म्हणून 'ओलीस' लिहिलंय. चालेल?

– नाही चालणार. ओलीस म्हटलं की तिसरा पक्ष आला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने दोन मुलं कॉर्नवॉलिसच्या हवाली केली, ती ओलीस, म्हणजे तहाचं तारण. १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेत सहा दिवस अडकलेले चार कर्मचारीही ओलीसच, कारण दरोडेखोराच्या मागण्या सरकारकडे होत्या. अशा गोष्टीत सगळा जीव वाटाघाटीत असतो. तुमच्या बाईच्या बदल्यात कुणी काही मागतच नाही. तिला एकच काम, त्याच्या पावलांवरून आजचा मूड ओळखायचा. 'डांबून ठेवलं' लिहा.

– 'डांबलं' बरोबर, पण ते बातमीतलं क्रियापद, 'खोलीत डांबून मारहाण' छापाचं. कथा तिच्या बाजूने असेल तर 'कोंडलं'. त्यात बाहेरून लागलेली कडी ऐकू येते, आणि पुढे 'कोंडमारा'ही त्यातूनच आपसूक येतो. 'घुसमट' मात्र जपून. नोकरीपासून सासरपर्यंत सगळीकडे वापरून तो शब्द पार बोथट झालाय. तळघरात खरोखर हवा कमी पडेल तेव्हाच काढा.

– 'नजरकैद' सुचवणार होतो.

– सुरुवातीला नको. १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांभोवती पहारा होता, पण माणसं भेटत होती, मिठाईचे पेटारे बाहेर जात होते. नजरकैदेत हालचालीला थोडी मोकळीक असते. तुमच्या कथेत तो पुढे कधी तिला वर स्वयंपाकघरात येऊ देणार असेल, समोर बसून तिच्या हाताकडे बघत राहणार असेल, तर तिथे हा शब्द फिट्ट बसेल. माझ्या मते भीती तिथे वाढते. तळघरात निदान तो समोर नसतो.

प्रश्नकर्ता : येऊ देतो, तिसऱ्या भागात. आणि 'ती तग धरून होती' हे?

– तग धरणाऱ्याला पुढे काहीतरी दिसत असतं. सुटकेची आशा असेल तोवर ठेवा. ती आशा सुटल्यावर 'ती दिवस काढत होती'. घराघरांत बायका हेच म्हणतात, आणि कुणी दचकत नाही.

प्रश्नकर्ता : पहिलं वाक्य बदललं. 'त्याने तिला ओलीस ठेवलं'च्या जागी 'बाहेरून कडी लागली.'

– 'त्याने' गेला हे उत्तम. तो कोण, हे पान दोनवर कळू दे.