'निंदणीकरण' म्हणजे नेमकं काय? निर्लेखन, नाशन, बस्ता, मिसल

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माहिती अधिकारात एका जुन्या घरकुल यादीची नक्कल मागितली होती, उत्तर आलं "सदर अभिलेख निंदणीकरणात निर्लेखित करण्यात आला आहे". आता निंदण आमच्याकडे पऱ्हाटीत (कपाशीत) करतात, बाया लावून, ते ऑफिसात कसं करतात जी? अन निर्लेखित म्हणजे जाळलं का रद्दीत देलं का अजून कुठं पडून हाये? कोणी ऑफिसातलं असन तर सांगा.

उत्तर (निवृत्त वरिष्ठ सहायक, वर्धा जिल्हा)
भाऊ शब्द तुमच्या वावरातलाच आहे, तण काढायचं आणि पीक ठेवायचं. आधी वर्गीकरण होते. अ वर्ग कायम, ब 30 वर्षं, क मध्ये 10 वर्षांचा आणि 5 वर्षांचा असे दोन भाग, ड एक वर्ष. मग ज्याची मुदत संपली तो कागद वेगळा काढायचा, ही निंदणी. म्हणजे एकेक फाईल उघडून काय ठेवायचं ते ठरवणं हे त्यातलं मुख्य काम, पण ऑफिसात 'निंदणी झाली' म्हटलं का सगळे समजतात सारं फेकलं, अन वरून तपासणी लागली का काही ठिकाणी होतेही तसंच, गठ्ठा न सोडताच बाहेर. ज्याला पऱ्हाटीचं रोप ओळखू येत नाही त्याच्या हाती कोणी निंदण देते का? नाशन, म्हणजे कागद खरोखर नष्ट करणं, त्याच्या पुढचं पाऊल, त्याला यादी लागते, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची जी सहा गठ्ठे पद्धत आहे, तिच्यातही अभिलेख कक्षात पाठवायचा गठ्ठा वेगळा आणि नष्ट करायचा वेगळा असते.

उत्तर (शिक्षक, गोंदिया जिल्हा)
निर्लेखन आमच्या रोजच्या वापरातला शब्द आहे, पण वस्तूंसाठी. शाळेची पडकी खोली, मोडके बाक, बंद पडलेला कॉम्प्युटर यांचं निर्लेखन होते, म्हणजे जडवस्तू नोंदवहीतून (टिकाऊ सामानाच्या वहीतून) ती वस्तू कमी करतात. कागदाला हा शब्द लावला का तो फाडला, विकला का हरवला काहीच कळत नाही, म्हणून मला हा वापर चुकीचाच वाटते. नष्ट केला असेल तर नष्ट केला असं लिहावं.

प्रश्नकर्ता
समजलं जी. अन तहसीलला गेलो तर बाबू म्हणे "बस्त्यात असन". हा बस्ता कोणता? लग्नाचा बस्ता तर माहीत हाये.

उत्तर (अमरावती जिल्हा)
कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे बस्ता, पुण्याकडच्या दप्तरात यालाच रुमाल म्हणतात. आपल्या भागातले शब्द थोडे वेगळे आहेत कारण 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड), म्हणून नस्तीला, म्हणजे फाईलला, जुने लोक मिसल म्हणतात, नोंदवहीला पंजी, शाळेत दाखल खारीज (पोरं दाखल झाली, शाळा सोडून गेली त्याची वही), महसूलला अधिकार अभिलेख पंजी (जमीन कोणाच्या हक्काची त्याची नोंदवही), निस्तार पत्रक (चराई, सरपण अशा गावाच्या सामाईक हक्कांची नोंद). आणि कोतवाल बुक! गावच्या कोतवालाकडून आलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट त्यात आहेत, आज जात पडताळणीला अनुसूचित जमातीच्या माणसाला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर पोराजवळ दाखवायला कोतवाल बुकातली एक ओळ असते फक्त, तीही अर्धी वाळवीनं खाल्लेली. असं पान फाटलं तर पोराची ॲडमिशन जाते हो, नोकरी जाते. त्याचं स्कॅनिंग सगळ्यात आधी व्हायला पाहिजे.

उत्तर (निवृत्त वरिष्ठ सहायक, वर्धा जिल्हा)
कोतवाल बुकाचं अगदी खरं आहे. यवतमाळवाल्या भाऊले सांगतो, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील टाका, त्यात 'निर्लेखित' शब्दाचा अर्थ विचारत बसू नका. तीन गोष्टी मागा: हा अभिलेख कोणत्या वर्गात होता, नाशनाच्या मंजुरीच्या आदेशाची प्रत, आणि नष्ट केलेल्या कागदांच्या यादीतली त्याची नोंद. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चाही उल्लेख करा, रेकॉर्ड नियमाबाहेर नष्ट केलं तर त्यात 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड आहे. यादीच नसेल तर तसं लेखी मागा, सही शिक्क्यानिशी.